दुधाचं उदाहरण

पेशी शिकवायची म्हटलं की मला चेव येतो. पुस्तकातलं 'निवडक्षम पारपटल' आठवीच्या पोरांच्या घशाखाली उतरत नाही, म्हणून मी सगळं गावात आणून ठेवते. केंद्रक म्हणजे सरपंच, तंतुकणिका म्हणजे घरातली चूल. आमच्या संगमनेरकडच्या पट्ट्यात घरटी गाय, तेव्हा पेशीच्या पटलाला दूध संकलन केंद्राइतकं चपखल उदाहरण दुसरं कुठलं मिळणार? हवं ते आत घ्यायचं, नको ते दारातूनच परत. "पाणी घातलेलं दूध केंद्रावरून कसं परत येतं, तसं," मी ठसक्यात म्हणाले.

वर्ग हसला. मला वाटलं, माझ्या उदाहरणाला. बघते तर सगळ्यांच्या माना खिडकीजवळच्या एका मुलीकडे वळलेल्या, आणि ती बाकावर डोकं टेकून बसलेली.

मधल्या सुट्टीत शिपाईकाकांनी सांगितलं. आदल्याच दिवशी तिच्या वडिलांचं दूध सगळ्या रांगेदेखत परत केलं होतं, पाणी आहे म्हणून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग मी शहाणपणा केला. दुसऱ्या दिवशी गुपचूप उदाहरण बदललं, दुधाऐवजी पिठाची चाळणी घेतली. विषय मिटला, असं समजून मी खूश.

शाळा सुटल्यावर ती सायकलींपाशी माझी वाट बघत उभी होती.

"मॅडम, उदाहरन का बदललं?"

"अगं, तुला वाईट वाटलं ना काल."

"आता तर सगळ्यांना वाटतंय, आमी खरंच पाणी घातलं हुतं. न्हाई घातलं, मॅडम. गाय तापली हुती, म्हनून डिग्री लागली न्हाई."

डिग्री म्हणजे दुधाचा दाटपणा मोजतात तो आकडा. जनावर आजारी पडलं की तो घसरू शकतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मला विज्ञान शिकवणारीला सुचलं नव्हतं.

"तुमी दुधाचंच परत सांगा," ती म्हणाली. "चांगलं दूध बी कदी कदी परत येतं, एवढंच म्हना. तुमचं ऐकत्यात समदे."

मी तिच्या पाठीवर हात ठेवून हो म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले.

घरी जाताना आठवलं, केंद्र चालवणारे आमच्या शाळा समितीवर आहेत. त्यांच्या केंद्रावरून चांगलं दूध परत जातं, असं मी वर्गात बोलले तर संध्याकाळच्या आत त्यांच्या कानावर जाणार. मला याच शाळेत निवृत्त व्हायचंय.

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या बाकावर येऊन बसली होती. शेजारणीलाही सांगून ठेवलेलं दिसत होतं, कारण दोघी माझ्याकडे टक लावून बघत होत्या. मी फळा पुसला, आकृती काढली, रंगीत खडूनं एकेक भाग दाखवत गेले. पटलापाशी आले आणि पुन्हा चाळणीच म्हणाले. तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. लाज वाटते सांगायला, पण मी घंटेची वाट बघत होते.

घंटा झाली. डस्टर उचलून मी दारापर्यंत पोचले, तेव्हा शेजारीण तिला विचारत होती, "मॅडम सांगनार हुत्या ना गं?"

"मीच नको म्हनले त्यांना," ती म्हणाली.