मारोतीकाकांची तीन मिनिटं

मारोतीकाका बोलता बोलता मध्येच गप्प व्हायचे. सोयरिकीची बैठक असो की काकूंची बोलणी, भिंतीवरच्या घड्याळाचा मिनिटकाटा लाल पट्ट्यात शिरला की काका तोंडावर बोट ठेवत. तीन मिनिटांनी अर्धं राहिलेलं वाक्य तिथूनच पुढं सुरू! काकूंना राग आला की काटा जरा लवकरच लाल पट्ट्यात शिरतो, अशी आम्हा शेजाऱ्यांना दाट शंका होती.

ते पट्टे काकांनीच रंगवलेले. सेनगावकडचा हा मेंढपाळाचा मुलगा जन्मभर कोकणातल्या एका रेडिओ केंद्रात होता, निवृत्त झाल्यावर गावी परतला. कानाला हेडफोन लावून जहाजांचे निरोप टिपायचे, ही नोकरी. तिथला नियम असा, की तासातून दोनदा सगळ्या जहाजांनी आणि केंद्रांनी तीन मिनिटं गप्प बसायचं. कुणी बुडत असेल तर त्याची बारीक हाक ऐकू यावी म्हणून. मी शाळामास्तर, म्हणून काका मला म्हणत, "गुरुजी, मेंढरू हरवलं तर आमी आधी वरडत न्हाई, आधी गप बसतो. समिंदराचंबी तसंच."

पण त्यांच्या घरातल्या शांततेला घड्याळ नव्हतं. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून वसंता आणि केशव या दोन मुलांचं बोलणं बंद पडलं होतं. काकांचं हृदय नाजूक झालेलं. "मी गेलो तर खांदा दोघंबी देतील, पन येकमेकाला बोलायचे न्हाईत," असं म्हणताना मात्र ते हसत नसत.

अशात बातमी आली, की बंद पडलेलं ते केंद्र दुरुस्त करून लोकांना बघायला खुलं केलंय. काकांनी माझी जीप ठरवली. वसंताला सांगितलं, केशव येत नाही. केशवला सांगितलं, वसंता येत नाही. वसंताला घरून घेतलं, केशवला आमच्या तालुक्यातल्याच गोरेगावच्या स्टँडवरून. केशव चढला तेव्हा काका खुशाल घोरत होते. कोकणापर्यंत दोघे भाऊ माझ्यामार्फतच बोलले.

"गुरुजी, त्याला काच वर करायला सांगा."

"गुरुजी, त्याला म्हणावं मला उकडून राहिलं."

केंद्रात यंत्रं लख्ख पुसून मांडली होती, भोवती दोरी, भिंतीवर तसंच लाल पट्ट्यांचं चालतं घड्याळ. काका दोरीखालून आत शिरले. रखवालदार धावला. "आजोबा, आत जायला मनाई आहे."

"जलमभर हितंच बसलो, तवा कुनी हटकलं न्हाई," काका म्हणाले. तो बिचारा ओशाळला.

काकांनी दोन्ही मुलांना बाकावर बसवलं, जुना हेडफोन उचलला, फाकवला आणि एक टोक वसंताच्या कानाला लावलं, दुसरं केशवच्या. हेडफोन एकच, त्यामुळं डोक्याला डोकं टेकलं. "काटा लालमंदी आलाय. ऐका." यंत्र कधीचंच मेलेलं, वायरही तुटकी. पण बापापुढं बोलणार कोण?

थोड्या वेळानं वसंतानं मान वळवली. "केशव, तुझ्या छातीत शिट्टी वाजून राहिली."

"काई न्हाई."

"काई न्हाई काय? कवापासून?"

"पोळ्यापासून. रातच्याला झोप लागत न्हाई."

"मंग सांगितलं काहून न्हाई?"

"कोनाला सांगू, दादा? तू बोलत व्हतास का?"

वसंतानं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि ठेवूनच राहिला. "घरी गेलो की आधी हिंगोलीला, दवाखान्यात. मी येतो संगं."

रखवालदार पुढं झाला. "आजोबा, उठवा आता यांना, लोक खोळंबलेत."

काकांनी त्याचा दंड धरला. "साहेब, मला जरा समिंदर दाखवा. इतकी वर्सं त्याच्याकडं पाठ करूनच बसलो व्हतो." आणि जाता जाता मलाही बाहेर ओढून त्यांनी दार लोटून घेतलं.