अनुमोदन कोण देतंय?

सभेत कोण काय बोललं ते उतरवायचं, इतिवृत्त लिहायचं, एवढंच माझं काम. कुठल्या सभागृहात ते विचारू नका, मला पेन्शन हवी आहे. पण इतिवृत्तात न चढलेलं इतकं साठलंय की कुणाला तरी सांगायलाच हवं. पूर्वी हे सांगताना हसू यायचं. हल्ली धडकी भरते.

*

पूर्वी सत्ताधारी सुनंदाताई आणि विरोधी पक्षाचे बाळाभाऊ आत एकमेकांची सालटी काढायचे. मग सदाशिव पेठेतले आमचे सगळ्यात जुने सभासद दामूकाका उठायचे. "भांडून झालं असेल तर चहा घेऊ." बाहेर एकाच किटलीतला चहा, आणि कप रिकामे होईपर्यंत तोडगा निघालेला.

आता किटल्या दोन. परवा घाईत मी ताईंच्या किटलीतला चहा घेतला, तर भाऊ म्हणाले, "मॅडम, तुम्हीही तिकडे गेलात?" अहो, चहा होता तो, पक्षप्रवेश नव्हे.

*

वारज्याच्या टेकडीवरच्या वस्तीला पाण्याची लाइन हवीय. ती दोघांच्याही प्रभागांतून जाणार. अशा वेळी एकाने ठराव मांडायचा, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं, ही आमची रीत. ताईंनी मांडला, भाऊंनी अनुमोदन नाकारलं. पुढच्या महिन्यात भाऊंनी तोच मांडला. ताईंनी नाकारला, तोही भाऊंच्याच जुन्या भाषणातल्या शब्दांत! मी नुसती नावं बदलली.

वस्तीतल्या नसीमभाभी दर सभेला वर गॅलरीत येऊन बसतात. रोज टेकडी चढून हंडे वाहणारी बाई. मला म्हणाल्या, "मॅडम, लाइन पाहिजे असं दोघंही म्हणतायत. मग नको कोण म्हणतंय?"



*

काका आजारी पडले. पाण्याचं मिटवायला त्यांनी दोघांना घरी बोलावलं. ताई आधी पोचल्या. भाऊंनी खाली ताईंची गाडी पाहिली आणि परत फिरले. फोनवर म्हणाले, "काका, तुमच्यासाठी जीव देईन. पण आमचा एकत्र फोटो कुणी काढला तर?"

मग काकांनी दोघांना वेगवेगळं सांगितलं, "मी गेलो तर माझ्या नावाने सभा तहकूब करू नका. पाण्याचा विषय घ्या." दोघांनीही शब्द दिला.

*

काका गेले. पुढच्या सभेत ताईंनी दुखवट्याचा ठराव मांडला. मी पेन उचलून अनुमोदनाची वाट बघत होते. भाऊ जागचे हलले नाहीत. "आम्ही आमचा वेगळा आणलाय."

दुखवट्यावर मतदान झालं हो! ताईंचा ठराव बहुमताने मंजूर, भाऊंचा बहुमताने नामंजूर. मी दोन्ही निकाल उतरवले. ताईंची बाजू दोन मिनिटं उभी राहिली. ती बसल्यावर भाऊंची उभी राहिली. दोन्ही वेळा उभ्या होत्या फक्त गॅलरीतल्या नसीमभाभी, डोक्यावर पदर घेऊन.

थोड्या वेळाने त्या खाली आल्या. मी कागद आवरत होते.

"मॅडम, आता पाण्याचा विषय ना?"

"सभा तहकूब झाली, भाभी."

"कुणी केली?"

"दोघांनी. एकमताने."