ओसरीवरचा पंखा

वत्सलाताईंच्या फाटकाची कडी वाजली, की त्या लगबगीने ओसरीवर यायच्या आणि येणाऱ्याने चपला काढायच्या आत म्हणायच्या, "आत नको हं, इथंच बसा. आत काही बघण्यासारखं नाही." मग स्वतः आत जाऊन घासूनपुसून लख्ख केलेल्या तांब्याभांड्यातून पाणी आणायच्या, ते पाहुण्याच्या हातात न देता कट्ट्यावर ठेवायच्या आणि चार हात लांब जाऊन उभ्या राहायच्या. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला तो शिष्टपणा वाटला. बाईला आपलं घर दाखवायचं नाही, एवढंच मी समजले.

मी तेव्हा नुकतीच लग्न होऊन बीडकडून चिंचवडला आले होते. नवरा पिंपरीच्या नव्या औषधाच्या कारखान्यात लागलेला. तो पाळीवर गेला की दिवसभर मी आणि चार भिंती. आमच्या खोलीसमोर रस्ता, रस्त्यापलीकडे वत्सलाताईंचं दोन खोल्यांचं घर. पुढे पत्र्याची उतरती ओसरी, तिन्ही बाजूंनी उघडी. त्या तिथे बसून लोकर विणत. पुण्यातल्या एका दुकानात त्यांचे स्वेटर जात. दुकानदाराला विणणारी कोण हे माहीत नव्हतं, म्हणूनच ते जात होते.

कारण मला महिनाभराने कळलं. ताईंचे यजमान क्षयाने गेले होते. त्यांची शुश्रूषा करता करता ताईंनाही लागण झाली. दवाखान्यात दीड-दोन वर्षं काढून त्या बऱ्या होऊन आल्या होत्या, डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं होतं. पण गिरणीवाला त्यांचं दळण सगळ्यांच्या शेवटी घ्यायचा, आणि आमची घरमालकीण त्यांच्या अंगणावरून जाताना तोंडाला पदर लावायची. "डॉक्टरांच्या कागदावर बरी झाले गो," ताई म्हणायच्या, "लोकांच्या मनात व्हायची आहे अजून." त्या मूळच्या राजापूरकडच्या. इतकी वर्षं देशावर काढूनही तो 'गो' काही त्यांच्या जिभेवरून गेला नव्हता.

एकदा मी विचारलं, "ताई, तुम्ही आधीच कशाला 'आत नको' म्हणता? येईल एखादी."

"येईल. पण उंबऱ्याशी तिचं पाऊल जरा अडेलच. ते बघण्यापेक्षा आपणच नको म्हटलेलं बरं."

नवऱ्यानेही मला बजावलं होतंच, की बसायचं तर ओसरीवर बस, मोकळ्या हवेत. मी ओसरीवरच बसत होते.

कारखान्यामुळे आमच्या रस्त्याला विजेचे खांब आले, घरोघरी दिवे लागले. त्या वर्षी चैत्र सरता सरता ताई मला म्हणाल्या, "सुमन, उद्या पिंपरी कॅम्पात येशील का माझ्याबरोबर? पंखा घ्यायचाय. ओसरीला."

मला हसू आलं. घरात पंखा नाही आणि ओसरीला? पण त्या हसत नव्हत्या. "मंगल येणार आहे दादाबरोबर, पुण्याहून. माझी भाची. सुट्टीत चार दिवस राहील. ओसरीवर झोपेल, मी आत दार लावून घेईन. या अटीवर दादा कबूल झालाय. पण दुपारी हा पत्रा कसा तापतो बघतेस ना? पोर उन्हानं कंटाळली तर पुन्हा यायची नाही."

कॅम्पात, म्हणजे निर्वासितांच्या वसाहतीत, एका सिंधी शेठचं विजेच्या सामानाचं छोटं दुकान होतं. फाळणीनंतर ते सिंधमधल्या सक्करहून इकडे आलेले. पांढऱ्या भुवयांचे, जाडसर. मराठी बोलायचे, पण त्यांच्या पद्धतीने.

"खोली केवढी आहे, बाई?"

"खोली नाही. ओसरी आहे. तिन्ही बाजूंनी उघडी."

शेठनी चष्मा वर केला. "बाहेर तर देवाचा वारा आहे. पंखा कशाला लागते?"

"देवाचा वारा वैशाखात कुठं जातो, ठाऊक नाही," ताई म्हणाल्या. "तुम्ही दाखवा तर."

त्यांनी आधी एक देखणा पंखा दाखवला. लाकडी पाती, वर चकचकीत रोगण. मला तोच आवडला. ताईंनी पात्यावरून बोट फिरवलं. "पावसाळ्यात आमच्याकडे दारं फुगतात. हे पातंही फुगेल. एक फुगलं नि एक नाही, की पंखा डोलायला लागेल. नको." दुसरा हलका होता, सुबक होता, पण त्याच्या माथ्यावर भोकं होती. "पत्रा गळला की पाणी थेट पोटात जाईल याच्या." शेठ आता स्टुलावर नीट बसले. गिऱ्हाईक सोपं नाही हे त्यांनी ओळखलं असावं.

शेवटी त्यांनी मागच्या खोलीतून एक काळा, बोजड पंखा आणवला. ओतीव लोखंडाचं धूड, माथा बंद, पत्र्याच्या पात्यांना दोन्ही अंगांनी जाड रंग. "हा कचेरीच्या व्हरांड्यात लावतात. धूळ, पाऊस, काही नाही होत. फक्त दिसायला चांगला नाही."

"दिसायला नकोच आहे. टिकायला हवा. आधी टिकेल का ते बघावं, मग शोभेल का ते."

"किती वर्षं पाहिजे तुम्हाला?"

ताईंनी पात्यावरचा रंग नखाने खरवडून बघितला. "पोरगी मोठी होईपर्यंत," त्या म्हणाल्या.

शेठनी पंख्यावरची धूळ फडक्याने पुसली. दांडी आखूड घ्या म्हणाले, म्हणजे वादळात पंखा झुलणार नाही, आणि बटण ओसरीवर नको, दाराच्या आतल्या अंगाला हवं, तिथे पावसाचे शिंतोडे पोचत नाहीत. वर्षातून एकदा तेल घाला, पावसाळ्यात पाती पुसून ठेवा. ताई सगळं मान डोलावून ऐकत होत्या, जसं कोणी पोरीच्या दुखण्याचं पथ्य ऐकावं.

परत येताना आम्ही चालतच आलो. रेल्वेच्या फाटकाशी मालगाडी जायची वाट बघत उभ्या होतो. ताई रुळांकडे बघत म्हणाल्या, "भाची नव्हे गो. माझीच आहे ती."

मी त्यांच्याकडे बघितलं.

"मला दवाखान्यात नेलं तेव्हा रांगत होती. दादा-वहिनीला मूल नव्हतं. त्यांनी नेली. मी परत येईन असं तेव्हा कोणाला वाटलं होतं? मलाही नव्हतं. ती वहिनीला आई म्हणायला लागली. मग मी परत आले." गाडी जात राहिली. "आता तिला काय सांगायचं? आणि कशासाठी? तूही कोणाला बोलू नकोस." मी मान हलवली.

पंखा बसवायला शेठ स्वतः आले, वायरमनला घेऊन. काम झालं, पंखा फिरला, ओसरीवरचा पालापाचोळा अंगणात उडाला. शेठ घाम पुसत म्हणाले, "बाई, पाणी द्या," आणि ताई नेहमीचं वाक्य बोलायच्या आत चपला काढून सरळ आत गेले, माठापाशी. ताई दारातच थिजल्या. "अहो शेठ, मला आजार होता, तुम्हाला कोणी सांगितलं नाही का?"

"कॅम्पमध्ये सगळ्यांना सगळं झालं होतं," शेठ पाणी पिऊन म्हणाले. "बायको गेली, दोन मुलं गेली. आता माझं काय घेऊन जाणार?" आणि पंख्याचा आवाज ऐकत थोडा वेळ आतच बसले. त्यांच्यानंतर मी आत जायला लागले.

मंगल आली. आठ वर्षांची, दोन वेण्या, गुडघ्याला खपली. ताईंसारखंच रुंद कपाळ. दादा तिला सोडून गेले. पोर पहिल्या दिवशी बुजली होती, दुसऱ्या दिवशी पंख्याखाली चटईवर पाय पसरून सागरगोटे खेळायला लागली. ताई ओसरीच्या दुसऱ्या टोकाला विणत बसायच्या. "आत्या, हे बघ. आत्या, तुला येतं का?" त्या हाकेला ताई दरवेळी "ओ" म्हणायच्या, अगदी सहज. मला मात्र ते ऐकवत नसे. ताईंनी तिच्या वेण्या घालायला मला बोलावलं. तेल कोमट करून दिलं, कंगवा दिला आणि स्वतः लांबून सांगत राहिल्या, "भांग जरा डावीकडे गो. हां. तिला तसा शोभतो."

जायच्या आदल्या दिवशी, चार वाजायच्या सुमाराला, वळीव आला. आधी धुळीचा लोट, मग वीज कडाडली आणि पत्र्यावर गारांचा असा काही आवाज सुरू झाला की बोललेलं ऐकू येईना. मी तिथेच होते. आम्ही पंखा बंद करायला बटणाकडे धावतोय तोवर मंगल किंचाळत उठली, उंबरा ओलांडून आत धावली आणि ताईंच्या कमरेला घट्ट मिठी मारली.

ताईंचे दोन्ही हात वर हवेत राहिले. त्यांनी मान दुसरीकडे वळवली, ओठ मिटून घेतले आणि मला डोळ्यांनी खूण केली, की हिला घे. मी जागची हलले नाही. मला वाटत होतं, आता तरी या पोरीला धरतील. गारा पडत होत्या. पोरीने चेहरा वर केला.

"आत्या, तू श्वास का नाही घेत?"

त्यावर ताईंचे हात खाली आले. एक तिच्या डोक्यावर, एक पाठीवर. त्यांनी श्वास घेतला, पण तोंड भिंतीकडे ठेवूनच. पाऊस थांबेपर्यंत दोघी तशाच उभ्या होत्या. मी ओसरीवर जाऊन गारा गोळा करायला लागले. दुसरं काही सुचलं नाही.

मंगलने घरी गेल्यावर कौतुकाने सांगितलं असणार, की मी आत्याच्या घरात आत गेले, आत्याने मला धरलं. पुढच्या वैशाखात दादा एकटेच आले. ओसरीवर टेकले, पंख्याखाली टोपी काढून ठेवली, आणि कितीतरी वेळ कारखान्याच्या गोष्टी बोलत राहिले. ताईंनीच शेवटी विचारलं. दादा म्हणाले, "तुझी वहिनी फार घाबरते गं. पोरीला काही झालं तर, म्हणते."

"बरोबर आहे तिचं," ताई म्हणाल्या. "मी आई असते तर मीही पाठवलं नसतं."

त्या वाक्यावर दादांनी मान खाली घातली. मी पाण्याचं भांडं उचलून आत गेले.

पंखा होता, म्हणून हळूहळू लोक यायला लागले. उन्हाच्या काहिलीपुढे आजाराची भीती पातळ झाली. पाळी सुटलेले कामगार, टपालवाला, चिखलीहून पाटी घेऊन येणारी भाजीवाली हौसाबाई. आमच्या घरमालकिणीला तिनेच सुनावलं होतं, "कसला रोग अन् कसलं काय. मी रोज बसती हितं, मला काय झालंया व्हय? लई गार वाटतंय बया." ओसरी भरलेली असायची. ताई सगळ्यांना पाणी द्यायच्या, आता हातात द्यायच्या. तरी एखादा टांगा स्टेशनकडून येताना दिसला, की त्यांच्या सुया थांबायच्या. टांगा पुढे निघून गेला की पुन्हा चालू व्हायच्या. मी शेजारी बसलेली असायची. लोकर कुठवर आली हे मी विचारायची, टांग्याचं कधी विचारलं नाही.

तीन-चार उन्हाळे असे गेले. मग एका श्रावणात ताईंना ताप आला, तो उतरेना. दादांनी पुण्याला नेलं. विषमज्वर निघाला. आठवड्याभरात खेळ आटोपला. डॉक्टरांनी दादांना आपणहून सांगितलं, की यांची फुप्फुसं अगदी स्वच्छ होती, त्या दुखण्याचा मागमूस नव्हता. दादा हे मला सांगत होते तेव्हा पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते, "अगदी स्वच्छ होती, म्हणाले. अगदी स्वच्छ."

सगळं आटोपल्यावर ते घर आवरायला आले. बरोबर वहिनी आणि मंगल. मंगल उंच झाली होती, परकर-पोलक्यात. वहिनी आत भांडी बांधत होत्या. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, मनात एक राग धरून होते. पण त्या ताईंची एकेक साडी छातीशी धरून घडी घालत होत्या आणि रडत होत्या. माझा राग तिथेच विरला.

मंगल माझ्यापाशी येऊन कट्ट्यावर बसली. "मावशी, तुम्ही आत्याकडे रोज यायचात ना? कशी होती ती? मला नीट आठवत नाही."

मी तिला पुष्कळ सांगितलं. दुकानात शेठना कसं गप्प केलं ते सांगितलं, बोलण्यातला 'गो' सांगितला, हौसाबाईची नक्कल करून दाखवली. पोर हसली. मग म्हणाली, "हौसाबाई मघाशी मला म्हणाल्या, तू हुबेहूब तिच्यावर गेलीस."

दारात वहिनींचे हात थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"भाच्या आत्यावर जातातच," मी म्हटलं.

वहिनींनी डोळे पुसले आणि त्या पुन्हा कामाला लागल्या. संध्याकाळच्या गाडीने ती तिघं गेली. मंगलने आत्याचं सुतक धरलं होतं, जेवढं आत्याचं धरतात तेवढं, आईचं धरतात तसं दहा दिवस नव्हे.

आमच्या घरात दहा दिवस गोडधोड झालं नाही. देवापुढे मी फक्त दिवा लावत होते, फूल वाहत नव्हते. नवऱ्याच्या ते लक्षात आलं. "आपलं त्यांचं काही नातं होतं का?" त्याने विचारलं.

"शेजार होता," मी म्हटलं. "कोणीतरी दहा दिवस धरायला हवे होते."