तिकडं हललं, इकडं कळलं

टेबलाच्या दोन टोकांना दोन बोटं टेकवायची, डाव्या बोटानं टकटक करायची आणि त्याच क्षणी उजवं बोट उडवायचं. "तिकडं हललं की इकडं कळलं पायजे. बराबर?" हिंगोलीच्या बसस्टँडसमोर चार कॉम्प्युटरचं नेट कॅफे चालवणाऱ्या भाईंची ही रीत. तुमच्या गावातल्या कॅफेवाल्यानं तुम्हाला ईमेल काढून दिला असेल. आमच्या भाईंनी आमची भागीदारी वाचवली.

दोन हजार सालानंतर गावात इंटरनेट आलं, त्या वर्षांतली ही गोष्ट. मी आणि माझे दाजी, म्हणजे बहिणीचे यजमान, लग्नांना मांडव आणि खुर्च्या पुरवायचो. मी हिंगोलीत, ते पंचवीस किलोमीटरवर औंढ्यात. खुर्च्या एकूण तीनशे, वह्या दोन. मी तारीख लिहायचो, दाजी तिथी. फोनवर एकमेकांना वाचून दाखवायचो आणि दोघंही 'हो हो' म्हणायचो. एका उन्हाळ्यात माझी तारीख आणि त्यांची वद्य पंचमी एकाच दिवशी निघाली. सगळ्या खुर्च्या माझ्या लग्नाला गेल्या. औंढ्याचं वऱ्हाड शाळेच्या सतरंज्यांवर बसलं आणि दाजींना नको नको ते ऐकून घ्यावं लागलं.

"आता वायलं व्हऊ, मेव्हणे," ते म्हणाले. म्हणजे भागीदारी मोडायची. त्या राखीला बहीण आली नाही.

हे भाईंना सांगितलं, तर त्यांचे डोळे चमकले. माझ्या दुःखानं एवढा आनंद दुसऱ्या कुणाला झाला नसेल. "वही एकच करू, इंटरनेटवर. तुमी हितं लिहा, ते तिथं लिहितील. पान एकच. आन पानच बोलंल!"

दाजी एका अटीवर तयार झाले: तिथी सोडणार नाही. "मंग नका सोडू," म्हणत भाईंनी पंचांग मागवलं आणि वर्षभराच्या तिथी स्वतः टाइप केल्या. दाजींनी तिथी लिहिली की शेजारी तारीख आपोआप उमटावी, म्हणून. नमाजाला निघताना दारात थांबून विचारायचे, "वद्य म्हंजे चंद्र कमी होऊन राहिला तो ना?" मग टोपी सारखी करत म्हणायचे, "तुमचे गुरुजी आजारी पडले तर मला बोलवा."

एकानं काही बदललं की दुसऱ्याच्या मोबाइलवर मेसेज जाणार होता. दुसऱ्यानं 'बराबर' लिहीपर्यंत ती ओळ पिवळी राहणार, आणि खुर्च्या आमच्याकडच्या आकड्याबाहेर गेल्या तर लाल होणार. मेसेजचे शब्द भाईंचेच होते: "भाऊ, तिकडं हललं. बघा." अक्षरं मात्र इंग्रजी, कारण दाजींच्या मोबाइलवर मराठीचे नुसते चौकोन दिसायचे.

चाचणीच्या दिवशी दाजी औंढ्यात कॉम्प्युटरवर तेच पान उघडून, दुकानातला फोन कानाला लावून, मोबाइल समोर ठेवून बसले. मी दोनशेचे अडीचशे केले.

"काही न्हाई आलं," दाजी म्हणाले.

भाई पडद्याला नाक लावून अर्धा तास शोधत होते. प्रोग्राममध्ये एक स्वल्पविराम राहिला होता. तो घातला. मी अडीचशेचे पुन्हा दोनशे केले आणि फोनमधून आरोळी आली, "आलं! आलं! मेव्हणे, पन्नास कमी काहून केल्या?"

मी खुर्चीवरून उठलोच. भाई टाळ्या वाजवत कॅफेभर फिरले. "परत करा! परत करा!" आम्ही सतरा वेळा केलं, मी मोजलं. शेवटी दाजीच म्हणाले, "पुरे करा आता, फोन तापून राहिला!"

पुढच्या राखीला बहीण आली. भाईंसाठीही एक राखी घेऊन आली.

त्यानंतर दोन वर्षांनी भाई गेले. छातीत दुखलं, दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत. वर्षभरानं त्यांचे भाऊ माझ्याकडे आले. भाईंच्या मुलीचा निकाह ठरला होता, खुर्च्या अडीचशे लागणार होत्या. मी दुकानातल्या कॉम्प्युटरवर, कुणाचा निकाह ते लिहून, आकडा टाकला आणि ओळ लाल झाली. त्या दिवशी औंढ्यातल्या एका लग्नाला दोनशे आधीच दिलेल्या होत्या.

दाजींना फोन लावणार, तोच माझा मोबाइल वाजला. "भाऊ, तिकडं हललं. बघा."

पाहिलं. एकूण खुर्च्यांचा आकडा दाजींनी तीनशेचा साडेचारशे केला होता. शेजारी लिहिलं होतं, "दीडशे कनेरगाव नाक्याहून भाड्यानं आणून राहिलो." ओळ आता पिवळी होती.

मी 'बराबर' लिहिलं. औंढ्यात दाजींचा मोबाइल वाजला असेल, आणि भाई त्यांच्याशीही बोलले असतील.