पाठीवरची बटणं

आमचे गुरांचे डॉक्टर कुणाच्याही दारात गेले की आधी पाठ फिरवायचे. नमस्कार नंतर. "सोडा," म्हणायचे. निघताना पुन्हा पाठ करून उभे राहायचे. "लावा." नवख्याला वाटायचं, आपलं काही चुकलं की काय. आम्हा भिसेगावकरांना मात्र ठाऊक होतं, डॉक्टरांच्या रेनकोटाची बटणं पाठीवर असतात आणि तिथपर्यंत स्वतःचा हात कुणाचाच पोचत नाही.

बटणं पाठीवर कशी गेली तेही सांगतो. दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्कराचा जुना माल विकायला निघाला, त्यातून डॉक्टरांनी मोटारसायकल घेतली. कर्जतपासून खालापूरपर्यंतची खेडी त्यांच्याकडे होती, आणि गुरांचा गळा सुजवणारा घटसर्प येतो तो नेमका पावसाळ्यात. ऐन लावणीत बैल गेला की घर बसलंच. पण डॉक्टरांना एकदा न्युमोनिया होऊन गेला होता. पुन्हा छाती भिजली तर फिरती बंद, मग कचेरीत खुर्चीत बसायचं, असं मुंबईच्या डॉक्टरनं बजावलं होतं. खुर्चीचं नाव काढलं की आमच्या डॉक्टरांचा चेहरा पडायचा.

मी शेजारी, शाळामास्तर. त्यामुळे सगळे प्रयोग माझ्या डोळ्यांदेखत झाले. घोंगडी झाली, ती पाणी पिऊन रेडकाएवढी जड झाली. मग इरलं आलं. आता इरलं म्हणजे लावणी करणाऱ्याची वस्तू, वाकलेल्या पाठीवर पाऊस झेलणारी.

"मास्तर, शेतकऱ्याचा पाऊस पाठीवर पडतो," डॉक्टर म्हणाले. "माझा छातीवर येतो." आणि त्यांनी इरलं चक्क पुढून बांधलं. पळसदरीच्या वळणावर त्यात वारा शिरला. गाडी रस्त्यात, डॉक्टर खाचरात. चिखलानं माखून घरी आले तरी स्वारी खूश.

"पाठीवर पडलो. छाती कोरडी हाय!"

शेवटी लष्करी मेणकापडाचा कोट आणला. अंगणात गाडी स्टँडवर लावून, कोट घालून डॉक्टर वर बसले आणि बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना म्हणाले, "फेक गं." वहिनींनी कळशीभर पाणी समोरून असं काही फेकलं की संसारातला बराच राग त्यात निघून गेला असावा. पाणी बटणांच्या फटीतून थेट बनियनपर्यंत. डॉक्टर तसेच गाडीवर विचार करत बसले. मग उतरले, कोट काढला, उलटा घातला आणि वहिनींकडे पाठ केली. "लाव." दुसऱ्या कळशीला छाती कोरडी राहिली.

तेव्हापासून सकाळची बटणं वहिनी लावायच्या आणि दिवसभर उरलेला मुलूख. कुणी पाटील, कुणी कचेरीतला शिपाई, कुणी गोठ्यातून उठून आलेली सासुरवाशीण. शेणाचे, चिखलाचे, हळदीचे हात त्या पाठीवर उमटायचे. गोठ्यात हा माणूस एखाद्या बैलाच्या कानाशी "उगी रं, उगी" करत तासन्‌तास बसायचा, म्हणून लोकही आपण होऊन पुढे यायचे.

एकदा खालापूरहून येताना गाडी बंद पडली. डॉक्टरांनी कसाबसा डोक्यावरून कोट काढून ती दुरुस्त केली, तेवढ्यात पावसानं जोर धरला. आसपास चिटपाखरू नाही. फक्त एक कातकरीण म्हातारी, पाठीवर इरलं, हातात खेकडे. डॉक्टरांनी कोट चढवला आणि तिच्याकडे पाठ केली. ती जागची हलेना.

"मी कातकरीण हाय, डाक्तर. तुमाला शिवू कशी?"

"वरचं आधी लाव गं आजी. छाती गार पडते."

तिनं जन्मात बटण हाताळलं नव्हतं. घरी वहिनी सोडायला गेल्या तर एक बटण वर, एक काज खाली. "ही कुणी लावली?" डॉक्टरांनी सांगून टाकलं. ओटीवर मंडळी बसली होती. त्यांतले एक जण म्हणाले, "डॉक्टर, तेवढा कोट धुवून घ्या हो."

"खालापूरपासून धूतच आलो की!"

पुढे त्या वाटेवर ती बऱ्याचदा भेटायची, आणि डॉक्टर बटणं तिच्याकडूनच लावून घ्यायचे. बटणं दर वेळी चुकायची. डॉक्टरांनी तिला कधी चूक दाखवली नाही.

छाती शेवटपर्यंत कोरडी राहिली. तरी वरच्या साहेबांना त्यांच्या न्युमोनियाची काळजी वाटली आणि डॉक्टरांची बदली घाटावर झाली, जिथे लोक पावसाची वाट बघतात. जाताना त्यांनी कोट मला दिला.

"तिकडं आभाळच कोरडं हाय, मास्तर. आता पाठ कुणाकडं करू?"

ते हसले. मला हसता आलं नाही. शेजार ओस पडला, आणि त्यांची आठवण मला अजूनही फार येते.

पुढच्या पावसाळ्यात तो कोट घालून मी सायकलवरून शाळेला निघालो. बटणं चारचौघांसारखी पुढे. पळसदरीपर्यंत सदरा ओलाचिंब झाला. समोरून ती म्हातारी येत होती. तिनं आधी कोट ओळखला, मग माझं तोंड पाहिलं.

"डाक्तर नाय?"

"बदली झाली गं आजी. घाटावर गेले."

तिनं माझ्या छातीवरच्या बटणांकडे बोट केलं. मग म्हणाली, "कोट उलटा घातलास रं. काढ. वळ आता."

मी वळलो. वरचं बटण तिनं आधी लावलं.

शाळा गळकीच होती, त्यामुळे कोट अंगावरच ठेवला. हेडमास्तरांनी मागून पाहिलं आणि जवळ आले.

"मास्तर, बटणं चुकलीत. नीट लावून देऊ?"

"नको," म्हटलं. "बरोबर आहेत."