ज्वारीच्या खोलीतलं यंत्र

"दानामा समदं उनं, माय," असं म्हणून आमचे डॉक्टर पेशंटच्या छातीला थेट कान लावायचे. नळी गळ्यात असायची, पण दागिन्यापुरती. डोळे मिटून ऐकायचे आणि कुठल्या बाजूला काय बिघडलंय ते सांगायचे. शहाद्यात मी त्यांचा कंपाउंडर होतो. चौदा वर्षांत त्यांचा कान चुकलेला मी फारसा पाहिला नाही.

दाणा म्हणजे ज्वारी, आणि दाण्यात सगळं आलं, असा हिशोब होता. हंगाम संपला की मी बैलगाडी घेऊन ब्राह्मणपुरीपर्यंतची गावं फिरायचो. घरटी ठरलेल्या पायल्या घ्यायच्या आणि त्यात त्या घराचं वर्षभराचं दुखणंखुपणं आलं. वर्षात कोणी शिंकलंसुद्धा नाही तरी दाणा परत मागायचा नाही. धडधाकटांच्या ज्वारीवर आजारी बरे होत आणि त्यात कोणाला उपकार वाटत नसे.

मग वीज आली आणि पाठोपाठ मुंबईहून एक्स-रेचं यंत्र आलं. जागा होती ती एक ज्वारीचीच खोली. पोती मीच हलवली, भिंतींना काळा रंगही मीच दिला. डॉक्टर दिवसातून दोनदा यंत्र पुसायचे, मला हात लावू द्यायचे नाहीत. पण एवढं महागाचं यंत्र रिकामं ठेवणं परवडेना. मुरगळलेला पाय असो की साधा खोकला, "फोटू काढना पडी" ठरलेलं. त्याचे पैसे रोख. कोणी दाण्याची आठवण दिली तर म्हणायचे, "हाई दानामा येत नही."

रोखच मोजायचे तर दाणा कशाला, असं लोक म्हणू लागले. दुसऱ्याच हंगामात माझी गाडी अर्धी रिकामी आली. धडधाकट घरं आधी सुटली, हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

ब्राह्मणपुरीची एक मजूर बाई मात्र दाणा देतच राहिली. तिच्या विशीतल्या एकुलत्या पोराला खोकताना रक्त पडू लागलं. क्षय आहे हे मला दारातूनच कळलं. डॉक्टरांनी छातीला कान लावला नाही, फोटो सांगितला. बाई गेली आणि दोन्ही शेळ्या विकून आली. फोटोत क्षयच निघाला. आता कित्येक महिने सुया टोचायला हव्या होत्या, त्याही रोखीच्या. बाईपाशी काही उरलं नव्हतं, तरी तिचा चेहरा हलका दिसत होता.

"फोटू काढा ना बाबा," ती म्हणाली. "आते औसद कसाले?"

फोटो काढला की यंत्र रोग ओढून घेतं, मग औषध लागत नाही, असा अर्ध्या तालुक्याचा समज होता. डॉक्टरांना तो ठाऊक होता. तो मोडला असता तर त्या खोलीपुढची रांगही मोडली असती. धुळ्याला सरकारी दवाखान्यात या सुया फुकट मिळत, हेही आम्हा दोघांना माहीत होतं. एक वाक्य पुरलं असतं. डॉक्टरांनी हात धुतले आणि मला पुढचा पेशंट बोलवायला सांगितलं. मी बोलावला. याची मला आजही लाज वाटते.

दिवाळीनंतर बाई एकटीच आली. पोरगा गेला होता. पदराखालून तिने ती काळी फिल्म काढली. पोराचं दुसरं चित्र कधी कोणी काढलंच नव्हतं, आणि हार घालायला घरात तेवढंच होतं.

"डाक्टरबाबा," तिने विचारलं, "यामा मन्हा पोऱ्यानं तोंड कोठे शे?"

डॉक्टरांनी फिल्म तिच्या हातात सुलटी केली. "अशी धर, माय," एवढंच म्हणाले आणि यंत्राच्या खोलीत गेले.

बाई ती तशीच उजेडाकडे धरून पायऱ्या उतरली, फासळ्यांच्या वर, फिल्म जिथे संपते तिथे बघत.