इनासभाऊंचा अंगठा

मी मस्कतला निघालो त्या दिवशी मला विमानतळावर सोडायला चार फियाट आल्या होत्या. एकट्या माणसाला आणि दोन बॅगांना चार गाड्या. आमच्या गास गावच्या रस्त्यावर लोक घराबाहेर येऊन बघत होते, कुणाचं लग्न आहे म्हणून. पुढे हरेशची डुक्कर फियाट, तिच्यात मागच्या सीटवर मी, आणि माझ्या शेजारी इनासभाऊ. त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. गाडी खड्ड्यात आदळली की त्यांचा श्वास अडकायचा. मी खिडकीबाहेर बघत बसलो होतो. हायवेला लागल्यावर मागच्या तिघांनी एकदम हॉर्न दिले, तेव्हा इनासभाऊ हसले आणि डाव्या हाताने माझ्या मांडीवर चापट मारून म्हणाले, "रडू नको रे दिन्या. तिकडंपन गाड्याच हायेत."

उतरल्यावर त्यांनी मला मिठी मारली. डाव्या हाताची. प्लास्टरचा हात माझ्या बरगडीला टोचत होता. कानाशी म्हणाले, "तिकडं कुनाची जुनी गाडी हातात आली तर हँडल मारताना अंगठा सांभाळ. माझ्यासारखं करू नको."

मी "हो भाऊ" म्हणालो आणि ट्रॉली ढकलत आत गेलो.

गेल्या डिसेंबरातल्या त्या रविवारी किल्ल्यावर आपल्या फियाटवाल्यांपैकी जे हजर होते त्यांना पुढचं माहीत आहे. जे नव्हते, आणि जे माझ्यासारखे कुवेतला, कॅनडाला, नाहीतर नुसते बोरिवलीला निघून गेले, त्यांच्यासाठी लिहितो आहे. दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐका.

आमच्या रविवारची रीत नवीन लोकांना ठाऊक नसेल. आता ग्रुपमध्ये माणिकपूरचे, एव्हरशाइनचे फ्लॅटवाले आहेत, टी-शर्ट आहेत, गाड्या आरशासारख्या आहेत. तेव्हा आम्ही सात-आठ जण. कुणाची वाडी, कुणाची मिठागरावरची नोकरी, मी फॅक्टरीत फिटर. हरेशच्या घरासमोर चिंचेखाली गाड्या लागायच्या. इनासभाऊ चर्चमधली मिस्सा आटोपून, इस्त्रीच्या शर्टातच यायचे. चहा, आम्लेट-पाव, आणि शिव्या. आमचं प्रेम म्हणजे हाणामारीच होती. पाठीत गुद्दा घातल्याशिवाय कुणी कुणाला नमस्कार करत नसे. कुणाचंही बॉनेट कुणीही उघडावं, आत डोकं घालावं, मालकाची अक्कल काढावी, याला परवानगी लागत नव्हती. आणि निघताना कुणी सेल्फने गाडी सुरू करायची नाही. ज्याची गाडी एका हँडलात सुरू होईल तो किल्ल्यापर्यंत सगळ्यांच्या पुढे.

हँडल मारायला मला इनासभाऊंनी शिकवलं. फक्त मलाच नाही, सगळ्यांनाच. लोखंडाचा तो वाकडा दांडा बंपरमधून आत घालायचा, आणि धरताना अंगठा चार बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, दांड्याला विळखा घालायचा नाही. ते म्हणायचे, "इंजिनाला मूठ दाखवू नको. मूठ दाखवली की ते फिरून मारतं." इंजिनाने उलटा झटका दिला की दांडा गर्रकन मागे येतो, हे प्रत्येक फियाटवाल्याला माहीत असतं. विळखा घातलेला अंगठा तिथेच राहतो. कुणी नवा माणूस चुकला की इनासभाऊ त्याच्या मनगटावर फटका मारायचे.

एका रविवारी किल्ल्यावर माझी गाडी उकळली. इनासभाऊ ओरडले, "थांब, हात लावू नको." मी ऐकलं नाही. फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण फिरवलं. वाफेचा फवारा उडाला तो माझ्यावर नाही, शेजारी वाकलेल्या हरेशच्या मानेवर. हरेश किंचाळत जमिनीवर लोळला. मी हसलो. का हसलो ते मला आजही सांगता येत नाही, घाबरून असेल. इनासभाऊंनी मला कानाखाली मारली. गमतीतली नव्हे. मीही त्यांच्या पोटात डोकं घातलं. आम्ही दोघं मातीत लोळलो, मी त्यांच्या खांद्याला चावलो, त्यांनी माझं तोंड बंपरवर आपटलं. माझा पुढचा दात गेला. बाकीच्यांनी ओढून सोडवलं. हरेशच्या मानेवर पाणी ओततानाच कुणीतरी म्हणालं, "दोघं नवरा-बायकोसारखे भांडतात रे!" सगळे हसले. इनासभाऊ हसले. मी पण हसलो, रक्ताच्या तोंडाने.

घरी बाबा ओट्यावर बसले होते. माझे बाबा खाडीच्या कडेचे शेतकरी, कमी बोलणारे, पटकन हात उगारणारे. लहानपणापासून त्यांचं एकच वाक्य आमच्या घरात घुमायचं, "बाहेर मार खाऊन आलास, तर घरात दुसरा खाशील." आणि तसं ते करायचे. वेताने, पट्ट्याने, एकदा ओल्या दोराने. त्या दिवशी मी पस्तिशीचा होतो, दोन मुलांचा बाप. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि हात उचलला नाही. आईला म्हणाले, "याला वाढ. मार खाऊन आलाय." माझ्या मुलांसमोर. त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. हे निमित्त होतं. बाबांनी मला पाना हातात दिला नव्हता.

पुढच्या रविवारी चहा चालू असताना मी इनासभाऊंच्या गाडीचं बॉनेट उघडलं. कुणी बघितलं असेल, पण बघण्यासारखं काय होतं त्यात? सगळेच उघडायचे. डिस्ट्रिब्युटरचा नट ढिला केला, वरचं डोकं जरासं फिरवलं, नट आवळला. टायमिंग पुढे गेलं. म्हणजे ठिणगी वेळेच्या फार आधी पडणार, पिस्टन वर येता येताच त्याला खाली दाबणार, आणि हँडल उलटं फिरणार. हे ज्ञान पण त्यांनीच दिलेलं. बॉनेट लावलं आणि येऊन आम्लेट-पाव खाल्ला.

मला त्यांना थोडंसं दुखवायचं होतं, असं मी कधी म्हणणार नाही. मला ते मोडायला हवे होते.

निघायच्या वेळी ते हँडल घेऊन वाकले. मी समोर, बंपरच्या बाजूला उभा. मी फक्त त्यांच्या हाताकडे बघत होतो. अंगठा बाहेर होता. बोटांच्या बाजूला, जसा असायला हवा तसा. त्यांनी दांडा वर खेचला, इंजिनात खाडकन आवाज झाला, आणि दांडा उलटा येऊन मनगटाच्या वर बसला. ओल्या फांदीसारखा आवाज. हाडाचं टोक इस्त्रीच्या बाहीतून बाहेर आलं. ते ओरडले नाहीत. आधी बाहीकडे बघत राहिले, मग गुडघ्यावर बसले, आणि मग त्यांच्या तोंडून जो आवाज आला तो बैलाचा होता, माणसाचा नव्हता.

सगळ्यांनी त्यांना हरेशच्या गाडीत घातलं. मी म्हणालो, "तुम्ही व्हा पुढे, मी भाऊंची गाडी बघतो." सगळे गेले. मी बॉनेट उघडलं, डोकं होतं तिथे परत फिरवलं, नट आवळला. संध्याकाळी दोघातिघांनी गाडी तपासली. टायमिंग बरोबर. मग दुसरं कारण काय उरलं? कुणीतरी म्हणालं, "म्हाताऱ्याने अंगठा आत घेतला." आठवड्याभरात गासपासून माणिकपूरपर्यंत तो विनोद झाला. जगाला अंगठा शिकवणारा इनास स्वतःच विळखा घालून बसला. मस्कतचं बोलावणं आधीच आलेलं होतं, मी टाळत होतो. त्या आठवड्यात हो म्हणून कळवलं.

इथे मी चांगला राहिलो. आधी मेंटेनन्समध्ये, आता सुपरवायझर. मुदीर म्हणजे मॅनेजर, त्याच्यासमोर हिंदी, लेबर कॅम्पमध्ये मल्याळम-हिंदीची मिसळ, घरी फोनवर आपलं वाडीतलं बोलणं. खल्लास, यल्ला, सब्र हे अरबी शब्द माझ्या मराठीत कधी घुसले कळलं नाही. सुट्टीला आलो की इनासभाऊंकडे जायचो, कारण न जाणं दिसलं असतं. हात वाकडा जुळला होता. कोयता धरता येत नव्हता, केळीचा घड उतरवता येत नव्हता. वाडी पुतण्याने कसायला घेतली होती. गाडीवर ताडपत्री, तिच्याखाली कोंबड्या. रविवारी ते मिस्सावरून सरळ घरी यायचे. चिंचेखाली जाणं त्यांनी सोडलं होतं. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "कशाला? पोरं मूठ करून दाखवतात. बरोबर हाय त्यांचं. घेतला असेन मी आत. वय झालं, ध्यान राहत नाय." त्यांची बायको मारीबाय माझ्यापुढे चिकूची बशी ठेवायची, बाहेरगावाहून आलेल्या दिरासाठी ठेवावी तशी.

मस्कतमध्येही जुन्या गाड्यांची मंडळी भेटली. जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, सकाळी समुद्राकडे जमतात. इटालियन गाड्यांचा वेडा सालेम नावाचा एक ओमानी आहे. त्याच्याकडे आपल्यासारखीच फियाट आहे, रंग मात्र लोण्यासारखा. एका जुम्म्याला तो हँडल मारायला वाकला आणि मी त्याची मूठ बघितली. मी धावत जाऊन त्याला असा धक्का दिला की तो बॉनेटवर पडला. त्याचे मित्र माझ्या अंगावर आले, एकाने कॉलर धरली. मी कसंबसं मोडक्या अरबीत अंगठा दाखवत समजावलं. सालेमला कळलं, तो हसायला लागला. मग सगळ्यांना रांगेत उभं करून मी शिकवलं. इंजिनाला मूठ दाखवू नका. शब्दन् शब्द इनासभाऊंचा. त्या दिवसापासून ते सगळे मला उस्ताद म्हणतात. गाडीसमोर उभं करून फोटो काढला, सगळ्यांनी मला खजूर भरवले. गाडीमागे जाऊन मी ते थुंकून टाकले.

डिसेंबरात आलो तो बॅगा ठेवून सरळ त्यांच्या ओट्यावर. पाठ करून गेलेलं सगळं विसरलो. नट, पाना, टायमिंग, एवढंच सांगितलं. मारीबाय दारात उभी होती.

इनासभाऊंनी वाकडा हात मांडीवर ओढून घेतला. मग म्हणाले, "अंगठा?"

"बाहेर होता, भाऊ."

"तू बघितलास?"

"हाताकडेच बघत होतो."

ते वळले. "मारीबाय, आयकलंस? भायेर होता. मी पयल्या दिवशी सांगत नव्हतो, भायेर होता?" त्यांचा चेहरा क्षणभर असा उजळला की मला वाटलं ते मला मिठी मारतील. मग पितळी तांब्या डाव्या हाताने उचलून त्यांनी माझ्या कपाळावर हाणला. मी खाली पडल्यावर परत हाणला. "थुंकलोय मी या हातावर," ते म्हणत होते. "रोज. रोज थुंकलोय." मारीबायने त्यांना अडवलं नाही. दम लागल्यावर ते बसले आणि म्हणाले, "हितं सांगून काय उपयोग? रविवारी किल्ल्यावर ये. हसले त्यांना सांग."

रविवारी कपाळाला पट्टी लावून मी सांगितलं. गाड्यांची रांग लागलेली, नवे लोक मोबाइलवर शूटिंग करत होते, त्यांना वाटलं भाषण आहे. माझं बोलणं संपायच्या आत हरेश माझ्यावर आला. त्याच्या मानेवर वाफेचा डाग अजून आहे. त्याने पहिला गुद्दा तोंडावर घातला, मग बाकीचे जुने. मी हात वर केले नाहीत. एकाने लाथ घातली तेव्हा बरगडी गेली, ती मला आतून ऐकू आली. कुणीतरी रडत मारत होतं, "हातानं पाजलाय रे चहा तुला, हातानं!" एक फ्लॅटवाले गृहस्थ घाबरून ओरडले, "अरे सर, मरेल तो! पोलिसांना फोन करू का?"

तेव्हा बाजूला बसलेले इनासभाऊ उठले. "पोलीस कशाला?" ते म्हणाले. "घरचं हाय. बस आता."

सगळे थांबले. इनासभाऊंनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी हरेशकडे त्याच्या गाडीची किल्ली मागितली आणि ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले. वाकडा हात स्टिअरिंगवर टेकला, डाव्या हाताने गिअर टाकला, आणि गाडी रांगेच्या पुढे घेतली. बाकीच्या एकेक करून त्यांच्यामागे लागल्या. मला कुणी उचललं नाही. त्या फ्लॅटवाल्या गृहस्थांनी रिक्षा थांबवून दिली, तेही चालकाला "जरा जपून" म्हणून निघून गेले.

परतायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या वाडीवरून गेलो. बरगडीमुळे हळू चालत होतो. मारीबाय अंगणात बोंबील उलटे करत होती. मला बघून ती सरळ उभी राहिली. मी थांबलो. काही म्हणेल, शिवी देईल, असं वाटलं. तिने बोंबलाची टोपली उचलली, आत गेली, आणि दाराची कडी घातली.

तुमच्यातल्या एकाने मला फोनवर विचारलं, आता कशाला येशील परत, काय राहिलंय तुझं इथे? मस्कतमध्ये मी अजून उस्ताद आहे. सालेम घरी बोलावतो, त्याची आई माझ्यासाठी दुआ मागते. त्यांच्यात मी फार भला माणूस आहे, आणि तिथे मला पाहुण्यासारखं अवघडायला होतं. मारीबायच्या घराचं दार इतकी वर्षं मला उघडत होतं, ते त्या घरच्यांना मी जो भला माणूस वाटत होतो त्याच्यासाठी. कडी पडली ती मी जो आहे त्याला बघून. त्यानंतरही मी थोडा वेळ त्या अंगणात, बोंबलाच्या वासात, उभा राहिलो. मला तिथून हलावंसं वाटत नव्हतं.